तीन पिनियन गेले, चौथा घालायच्या आधी विचारतोय

चिखलठोक्या:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारा, १:१० मापाचा फोर व्हील ड्राइव्ह मॉन्स्टर ट्रक. आला तेव्हा त्यात ५४० ची ब्रश्ड मोटर आणि ७.२ व्होल्टचा निकेल पॅक होता. त्या अवतारात वर्षभर पळवला, एक दाता तुटला नाही. मग हात शिवशिवले. ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३एस लायपो (तीन सेलची, ११.१ व्होल्टची लिथियम बॅटरी), आणि दिसायला भारी म्हणून ११० मिमीच्या जागी १३५ मिमीचे टायर.

पुढची कर्मकहाणी अशी. प्लास्टिकचा स्पर (मोटर फिरवते तो मोठा गिअर) दोन पॅकमध्ये, म्हणजे बॅटरी दोनदा संपेपर्यंत, गुळगुळीत झाला, म्हणून स्टीलचा घातला. मग स्लिपर (दणका बसला की घसरणारा क्लच) सुटायला लागला. नुसतं किर्रर्र, गाडी जागची उठेना. नट गच्च आवळला. मग मधला प्लास्टिकचा शाफ्ट पिळून निघाला, अगदी पिळलेल्या पंचासारखा. तोही स्टीलचा केला. आणि आता मागच्या डिफचा (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना फिरवणारा गिअरसंच) पिनियन. दोन महिन्यांत तीन. दर वेळी तोच, पुढच्या डिफला काही नाही.

प्रश्न साधा आहे: सगळ्यात कडक पिनियन कुठला घ्यावा?

नवशिक्या७:

पिनियन म्हणजे मोटरच्या दांडीवरचा छोटा गिअर ना? तो डिफमध्ये कुठून आला?

सुटेभाग:

@नवशिक्या, दोन असतात. एक मोटरवर, जो स्परला फिरवतो. दुसरा डिफच्या तोंडाशी, शंकूच्या आकाराचा, जो मोठ्या रिंग गिअरला काटकोनात फिरवतो. चिखलठोक्या दुसऱ्याबद्दल बोलताहेत. धाग्यात पुढे कोणी नुसतं 'पिनियन' लिहिलं तर विचारून घ्या, अर्धी भांडणं त्यातूनच होतात.

लेथवाला:

कडक पिनियन नंतर बघू. तुटलेले तिन्ही ठेवलेत का? ठेवले असतील तर ग्रीस पुसा, उजेडात धरा आणि सांगा: सगळे दाते गेलेत की शेजारशेजारचे दोन-तीनच? दात्याची पूर्ण रुंदी उडालीय की एकाच टोकाचा टवका? उरलेले दाते नव्यासारखे आहेत की धार आल्यासारखे बारीक झालेत?

विचारतोय ते उगाच नाही. दोन-तीन दाते मुळापासून गेलेत, बाकीचे कोरे आहेत आणि तुटलेली जागा सगळीकडे सारखी खरखरीत दाणेदार आहे, तर तो एका दणक्याचा प्रताप. तुटलेल्या जागेचा काही भाग गुळगुळीत आणि उरलेला खरखरीत दिसला, तर दाता आधीच तडकला होता आणि हळूहळू गेला. सगळे दाते सुरीसारखे बारीक झाले असतील तर वाळू शिरलीय किंवा मेश (दोन गिअरचे दाते एकमेकांत बसणं) ढिला आहे. आणि एकाच टोकाचे टवके उडाले असतील तर दोन गिअर एकमेकांत पूर्ण बसतच नाहीयेत. चार रोगांची चार औषधं, आणि कडक पिनियन हे त्यातल्या एकाचंही पहिलं औषध नाही.

पोलादी१२:

मी उलट सांगतो. अर्धवट स्टील केलंत म्हणून तुटतंय. रिंग, पिनियन, डॉगबोन (डिफपासून चाकापर्यंतची दांडी), तिचे कप, सगळं एकदम हार्डन्ड स्टीलचं करा आणि डिफची प्लास्टिक वाटी काढून अॅल्युमिनियमची घाला. माझी गाडी अशीच आहे, ४एस वर पळते. एकदा खर्च, मग शांती.

सुटेभाग:

शांती कसली, तुमचं तुटणं फक्त पुढच्या स्टेशनावर गेलंय. मोटरपासून टायरपर्यंत ही एक साखळी आहे आणि दणका बसला की तो कुठेतरी जिरणारच. चिखलठोक्यांची यादीच बघा. आधी स्पर फुटत होता, तो स्टीलचा केला. मग स्लिपर दणका खात होता, त्याचं तोंड बंद केलं. मग शाफ्ट, तोही स्टीलचा. दर दुरुस्तीत दणका एक घर पुढे सरकलाय आणि आता अशा जागी पोचलाय जिथे हात घालायला सोळा स्क्रू काढावे लागतात. पिनियनही कडक केला तर रिंग जाईल, रिंग केली तर केसिंग तडकेल.

मी प्लास्टिकचाच स्पर ठेवते, मुद्दाम. घरातल्या फ्यूजसारखा. तो मैदानावर दहा मिनिटांत बदलता येतो. दगडापेक्षा वीट मऊ.

पोलादी१२:

दर रविवारी फ्यूज बदलत बसायला मी इलेक्ट्रिशियन नाही :)

उडाणटप्पू:

माझा उड्या मारण्याचाच धंदा आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

चिखलठोक्या, तुमचे आकडे मांडून बघू. ३३०० केव्ही म्हणजे दर व्होल्टला ३३०० फेरे. ११.१ व्होल्टला साधारण ३६,६०० फेरे मिनिटाला. मोटर ते चाक एकूण रिडक्शन १२ (मोटरचे बारा फेरे, चाकाचा एक) धरलं तर चाक ३,०५० फेरे फिरतं. १३५ मिमीच्या टायरचा परीघ ४२ सेंटिमीटर. म्हणजे हवेत असताना ट्रिगर दाबून धरलात तर टायरची कड ताशी ७७ किलोमीटरने फिरतेय. गाडी उडालीय समजा ३५ ने. जमिनीला टेकताक्षणी ७७ चे ३५ व्हायला हवेत, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

टायर थांबतो, पण मोटरचा रोटर थांबायला तयार नसतो. रोटर लहान असला तरी चाकाच्या बारापट वेगाने फिरतोय, आणि फिरत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्याच मोटरला ७.२ ऐवजी ११.१ व्होल्ट दिले की वेग दीडपटीहून थोडा जास्त होतो आणि ऊर्जा जवळजवळ २.४ पट. ती सगळी दात्यांतून जाते. लोक म्हणतात ब्रशलेसच्या ताकदीने गिअर तुटतात. माझ्या अनुभवात सरळ पळताना फार कमी तुटतात, तुटतात ते टेकताना.

उपाय फुकटचा आहे. टेकायच्या आधी ट्रिगर सोडा. हवेत नाक वर घ्यायला ट्रिगर लागतो आणि खाली घ्यायला ब्रेक, हे खरं. पण तो टिचकी मारल्यासारखा द्यायचा आणि सोडायचा. जमिनीला लागताना चाकं गाडीच्या वेगाच्या आसपास फिरत असावीत. बोटाला ही सवय लागायला मला एक आख्खा पावसाळा लागला, पण त्यानंतर माझा डिफ उघडायचा प्रसंग क्वचित आला.

नवशिक्या७:

आणि हा स्लिपर काय असतो? माझ्या गाडीत स्परच्या बाजूला एक स्प्रिंग आणि नट आहे, तोच का?

सुटेभाग:

तोच. स्पर शाफ्टला थेट जोडलेला नसतो, दोन चकत्यांच्या मध्ये पॅडने दाबून धरलेला असतो. दाब स्प्रिंगचा, स्प्रिंगचा ताण नटाचा. झटका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पॅड घसरतं आणि दणका उष्णता होऊन निघून जातो. नट पूर्ण आवळला की तो स्लिपर राहत नाही, नुसता जड नट राहतो.

सेटिंग असं: स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळा, मग हळूहळू सैल करत या. किती फेरे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, पण ते मूळ मोटरसाठी, तेव्हा ती फक्त सुरुवात धरा. मग पकड असलेल्या जमिनीवर गाडी उभी करून एकदम पूर्ण ट्रिगर. सुरुवातीला वीत-दीड वीत अंतर ती घसरल्याचा आवाज यायला हवा, मग पकडायला हवी. हातभर किर्रर्र करत राहिली तर सैल आहे. पॅड तापतं, चकाकी येते आणि मग कितीही आवळा, पकडत नाही.

घरात बघायचं तर गाडी जमिनीवर दाबून धरा, चारही चाकं हलता कामा नयेत, आणि अंगठ्याने स्पर फिरवा (बॅटरी काढून!). जोर लावल्यावर सरकला पाहिजे. जाम असेल तर तुमचा फ्यूज तारेने जोडलेला आहे असं समजा.

@चिखलठोक्या, तुमचा स्लिपर सुटत होता तो बहुतेक पॅड जळल्यामुळे. पॅड बदलायचं सोडून नट आवळला, म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

चिखलठोक्या:

बाप रे. एवढी उत्तरं.

लेथवाला, तिन्ही पिनियन सापडले. फेकायच्या डब्यात होते, नशीब. तिन्हींत दात्यांचा बाहेरचा, जाड बाजूचा साधारण अर्धा भाग उडालाय. आतली बाजू शाबूत, तिच्यावर कारखान्यातला काळा रंगसुद्धा तसाच. दोनमध्ये तीन-तीन दाते, एकात पाच.

सुटेभागताई, पॅड काढून बघितलं. काचेसारखं चकाकतंय. गुन्हा कबूल.

लेथवाला:

घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. काळा रंग तसाच आहे म्हणजे दात्याच्या आतल्या अर्ध्या भागाने कधी कामच केलं नाही. अर्ध्या दात्यावर पूर्ण भार. असा पिनियन हिऱ्याचा केला तरी तुटेल.

शंकूचे गिअर भार आला की एकमेकांना दूर ढकलतात, तो त्यांचा स्वभावच आहे. त्यांना जागेवर धरायचं काम बेअरिंग आणि केसिंगचं. आता हे करा: मागचा गिअरबॉक्स उघडा, पिनियनची दांडी चिमटीत धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. जाणवण्याइतकं हललं तर आधी बेअरिंग बघा. बेअरिंग ठीक असेल तर ते बसतं ती प्लास्टिकची खाच बघा. नवं बेअरिंग बोटाने दाबून, थोडं अडत बसायला हवं. टपकन पडत असेल तर खाच लांबट झालीय.

मागचाच डिफ का, हेही त्यात आलं. वेग घेताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि बहुतेक दणके मागचा डिफ खातो.

ढेकूळ:

मी क्रॉलरवाला (दगडांवर हळूहळू चढणारी गाडी), माझ्याकडे वेग नाहीच, तरी तुटतं. आमच्याकडे डिफ लॉक असतात (दोन्ही चाकं एकत्रच फिरतात) आणि बऱ्याच गाड्यांत स्लिपर नसतोच. टायर दोन दगडांत अडकला, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, आणि आपण ट्रिगर दाबला की पुढच्या एक्सलचा युनिव्हर्सल जॉइंट जातो. जॉइंट जितका वाकलेला तितका नाजूक. मी रिमोटमधून स्टिअरिंगचे एंडपॉइंट (वळणाची शेवटची मर्यादा) थोडे कमी केले, जॉइंट आपल्या मर्यादेला टेकायच्या आधीच सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी मोटर) थांबतो. वळण किंचित मोठं झालं, तुटणं बंद झालं. पोर्टल एक्सल असेल तर शेवटचं रिडक्शन चाकापाशीच होतं, म्हणून आतल्या शाफ्टवर भार कमी येतो.

तुमच्या ट्रकलाही हे लागू आहे. सस्पेन्शन पूर्ण लोंबतं तेव्हा डॉगबोन किती वाकतो ते बघा. उडीत चाकं लोंबतात आणि त्याच वेळी तुम्ही ट्रिगर देता. शॉकच्या आत एक छोटा स्पेसर टाकून खालची चाल थोडी कमी करता येते.

उडाणटप्पू:

+१. हे मी लिहायचं विसरलो. लोंबत्या चाकामुळेच माझा डॉगबोन कपमधून निसटून बाहेर आला होता, शोधायला अर्धा तास गवतात.

सुटेभाग:

टायरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. ११० वरून १३५ म्हणजे व्यास जवळजवळ २३ टक्के वाढला. नाकापेक्षा मोती जड. गिअरिंग परत मूळ जागी आणायचं तर मोटरवरचा पिनियन तेवढाच लहान करायला हवा, १६ दाते असतील तर १३. आणलंत का?

आणि इथे एक गोम आहे. पिनियन लहान केला की मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सुखी होतात, थंड राहतात. पण डिफला त्याचा काही फायदा नाही. डिफवर येणारा पीळ शेवटी टायरची पकड आणि टायरची त्रिज्या यांवर ठरतो. त्रिज्या २३ टक्के वाढली की तेवढ्याच पकडीला डिफपासून चाकापर्यंतचा प्रत्येक भाग २३ टक्के जास्त पीळ सोसतो, मोटर कुठलीही असो. वर त्या टायरचं वजन. तेव्हा १३५ ठेवायचेच असतील तर स्लिपर आणखी जपा.

चिखलठोक्या:

१६ चाच आहे अजून. :( मोटर हात लावू देत नाही इतकी तापते, मला वाटायचं ब्रशलेस म्हणजे तापणारच.

सुटेभाग:

नाही हो. ८० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आतली चुंबकं कायमची कमजोर होऊ शकतात. आधी १३ घाला.

नवशिक्या७:

मोटरवरचा पिनियन बदलला की मेश परत लावावा लागतो ना? तो किती घट्ट ठेवायचा?

लेथवाला:

साध्या छपाईच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घाला, मोटर दाबा, स्क्रू आवळा, स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर चुण्या पडायला हव्यात, फाटायला नको. मग स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघा, कारण बरेच स्पर किंचित डुगडुगतात आणि एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल लागतात. घट्ट जागेला किंचित खेळ राहील असं लावा.

दाते कुठल्या मापाचे ते आधी बघा. ३२ पिच आणि मॉड ०.८ दिसायला जुळे भाऊ. एका दात्यामागे फरक फक्त ०.०२ मिमी. एकत्र फिरतात, पण किंचित कुरकुरू शकतात आणि स्पर लवकर झिजू शकतो. मग लोक स्पर बनवणाऱ्याला शिव्या घालतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पिनियनचा ग्रब स्क्रू (त्याला दांडीवर धरून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) दांडीच्या सपाट भागावरच यायला हवा. दोन्हींवरचं तेल पुसून निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव), एक थेंब. प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. आणि १.५ मिमीच्या स्क्रूला १/१६ इंची चावी ठोकून बसवू नका. मी केलंय, मग तो स्क्रू ड्रिलने काढलाय.

पोलादी१२:

बरं, थोडी माघार. माझी गाडी सपाट डांबरावर सरळ पळते, उडी नाही, दगड नाही. तिथे झटके कमी, वेग आणि उष्णता जास्त, आणि प्लास्टिकचा स्पर वितळतो. म्हणून मला स्टील फळलं. तरी ईएससीमधला पंच मी सगळ्यात खाली ठेवतो हे लिहायचं राहिलं होतं. ट्रिगर दाबल्यावर पूर्ण करंट एकदम न देता चढत्या क्रमाने देतो. बहुधा माझे गिअर त्यामुळे वाचत असावेत, स्टीलमुळे नाही.

सुटेभाग:

हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर आपण भांडलोच नसतो :)

ब्रेकचंही बघा. पूर्ण वेगात १०० टक्के ब्रेक म्हणजे तोच दणका, दात्याच्या दुसऱ्या अंगाने. मी निम्म्यावर ठेवलाय. आणि रिव्हर्स गाडी थांबल्यावरच लागेल अशा मोडवर.

चिखलठोक्या:

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, आधी लिहायला वेळच मिळाला नाही.

लेथवाला, तंतोतंत. बेअरिंगमध्ये गंज होता, छर्रे खरखरत होते. नवं ५×११×४ चं बेअरिंग खाचेत टाकलं तर अक्षरशः खुळखुळलं. चिखलातून पळवल्यावर पाणी मारून धुवायचो आणि तसाच ठेवायचो, त्याचं फळ. केसिंगचा तो भाग नवा घेतला. मग रिंगच्या मागे ०.२ मिमीची शिम (पातळ चकती) घातली तर हाताने फिरवताना गचके बसायला लागले, म्हणून ती काढून ०.१ ची घातली. आता फिरतं मऊ, पण मागे-पुढे हलवलं तर टकटक नाही. दात्यांना मार्करची शाई लावून फिरवून बघितलं, या वेळी शाई दात्याच्या जवळजवळ पूर्ण रुंदीवरून पुसली गेली. आधी हे केलं असतं तर तीन पिनियन वाचले असते.

स्लिपरला नवी पॅड, नट सैल, आणि नटावर रंगाचा एक ठिपका, म्हणजे हलला की दिसतो. मोटरवर १३ चा पिनियन. स्पर परत प्लास्टिकचा. पंच खाली.

एकूण एकोणीस पॅक झाले. डिफ शांत. स्पर एकदा गेला, उडी मारताना बोट ट्रिगरवरच राहिलं होतं. तिथेच बसून बदलला, बारा मिनिटं लागली.

उडाणटप्पू:

बोटाचं होईल हळूहळू. एक पावसाळा द्या त्याला.

लेथवाला:

छान. नवं बेअरिंग रबर सीलचं घातलंत की पत्र्याच्या झाकणाचं? पत्र्याचं असेल तर चिखलात परत तेच होणार. आणि ग्रीस फक्त डिफच्या आत, उघड्या स्परला लावू नका, वाळू चिकटते.

चिखलठोक्या:

पत्र्याचं. आज रात्री परत उघडतो.